उसाची ट्रॉली, मोटारसायकल आणि ‘निम्मी चूक मयताचीच’ हा विमा कंपनीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. वाळवा तालुक्यातल्या एका गृहस्थांचे दाजी, वय ३८, व्यवसायाने इलेक्ट्रिशियन. चार महिन्यांपूर्वी रात्री साडेआठच्या सुमारास मित्राला मागे बसवून मोटारसायकलवरून घरी येत होते. रस्त्यातच उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकले. दाजी जागीच गेले, मित्राच्या पायात रॉड टाकावा लागला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. फिर्याद ट्रॅक्टरचालकानेच दिली आणि पोलिसांनी गुन्हा मयतावरच नोंदवला. दाजींच्या लायसनची मुदत संपलेली होती, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ट्रॅक्टरची विमा कंपनी म्हणते की निम्मी चूक मयताची आहे, सव्वाअकरा लाख घ्या आणि प्रकरण मिटवा. न्यू जर्सीत नोकरी करणारा भाचा सांगतो की चूक निम्म्यापेक्षा जास्त निघाली तर एक पैसाही मिळणार नाही, तेव्हा मिळतंय ते घ्या. बहिणीच्या पदरात दोन लहान मुलं आणि म्हातारी सासू आहे. काय करावं?

या आकड्यावर सही करू नका. कोर्टात हमखास जास्त मिळेल, अशी खात्री मी देत नाही. पण मोटार अपघात दाव्यांचं काम करताना विमा कंपनीचे असे हिशेब मी रोज बघतो, आणि या हिशेबात दोन वेगवेगळ्या ठिकाणी कात्री लागली आहे. तुम्हाला त्यातली एकच दिसते आहे.

आधी भाच्याचं म्हणणं. तो राहतो तिथला नियम तो बरोबर सांगतो. न्यू जर्सीत दावेदाराची चूक समोरच्यापेक्षा जास्त ठरली की दावा संपतो. व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये तर थोडीशी चूक सिद्ध झाली तरी हात हलवत परत यावं लागतं. उलट कॅलिफोर्नियात ९० टक्के चूक असली तरी उरलेले १० टक्के मिळतात. आपल्याकडची पद्धत कॅलिफोर्नियाच्या जवळची आहे. भारतात ५० टक्क्यांची अशी कुठलीही रेघ नाही. मयताची चूक ७० टक्के ठरली, तर एकूण भरपाईतून ७० टक्के वजा होतात आणि ३० टक्के मिळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा, म्हणजे समोरच्याच्या चुकीवर आधारलेला दावा पूर्ण बुडतो तो शंभर टक्के चूक मयताचीच ठरली तर. तेव्हा ‘निम्म्याच्या वर गेलं की शून्य’ ही भीती डोक्यातून काढून टाका.

आता कंपनीची यादी घेऊ: लायसन नाही, हेल्मेट नाही, गुन्हा मयतावर. ऐकताना वाटतं की सगळी बाजू आपल्याच विरोधात आहे. पण कायदा मोडणं आणि अपघाताला कारण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपाईतून कपात होते ती फक्त दुसऱ्या गोष्टीसाठी. दाजींच्या खिशात चालू लायसन असतं, तर ती ट्रॉली अंधारात दिसली असती का? नसती. मग लायसनचा आणि त्या धडकेचा संबंध काय? सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केलं आहे की लायसन नव्हतं एवढ्यावरून चालवणारा निष्काळजी होता असं धरता येत नाही. त्याबद्दल दंड होईल, खटला होईल, पण टक्के कापता येत नाहीत. २०२० च्या मोहम्मद सिद्दिकी निकालात हेच तत्त्व आणखी पुढे गेलं. मोटारसायकलवर तिघे बसले होते, म्हणून उच्च न्यायालयाने १० टक्के कापले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले. तिघे बसल्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, असं दाखवणारा पुरावा हवा, नुसता नियमभंग पुरेसा नाही, हे कारण दिलं. तुमच्या वकिलांना या दोन्ही निकालांच्या प्रती काढायला पहिल्या भेटीतच सांगा.

हेल्मेटचा प्रश्न जरा नाजूक आहे, कारण त्यावरचे निकाल एकसारखे नाहीत. हेल्मेट नसल्याने धडक होत नाही, हे कोणीही मान्य करेल. पण हेल्मेट असतं तर माणूस वाचला असता, असं कंपनी म्हणू शकते, आणि डोक्याच्या इजेने मृत्यू झाला असेल तर काही न्यायालयांनी त्यापोटी थोडी कपात केलेली आहे. म्हणून शवविच्छेदनाचा अहवाल हातात घ्या. त्यात १७ व्या रकान्यात बाहेरच्या जखमा लिहिलेल्या असतात, १९ व्यात डोक्याच्या आतल्या, २० व्यात छातीच्या. शेवटी मृत्यूचं कारण. ट्रॉलीतून मागे बाहेर आलेल्या उसाच्या मोळ्या किंवा ट्रॉलीचा लोखंडी फाळका थेट छातीत बसतो, असं या प्रकारच्या अपघातांत पुष्कळदा होतं. बरगड्या तुटून फुप्फुस फाटलं असेल आणि डोक्याला फक्त खरचटलं असेल, तर हेल्मेटचा मुद्दा तिथेच संपला. डोकं फुटलं असेल, तर मात्र कंपनी यावर जोर देणार हे गृहीत धरा. त्याच अहवालात पोटातल्या अन्नाला दारूचा वास, असं काही लिहिलेलं असलं तरी लगेच खचू नका. २०१३ च्या जिजू कुरुविला निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेवढ्यावरून मयताला दोषी धरायला नकार दिला आहे. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्यातली मर्यादा आहे, आणि ती ओलांडली का हे तपासणीनेच ठरतं, वासावरून नाही.

मयतावरच गुन्हा नोंदवलेला पाहून कुटुंबं सगळ्यात जास्त हबकतात. हे कसं घडतं ते समजून घ्या. अपघातात एकजण मेला, दुसरा बेशुद्ध. बोलू शकणारा माणूस एकच, तो म्हणजे ट्रॅक्टरचालक. तो पोलीस ठाण्यात जाऊन सांगतो की मी बाजूला थांबलो होतो, मोटारसायकल भरधाव आली आणि आदळली. हवालदार तेच लिहून घेतात. आरोपीच मयत असल्याने पुढे ‘अबेटेड समरी’ पाठवून फाइल बंद होते. त्यात ना उलटतपासणी होते, ना कोणी ट्रॉलीचा दिवा तपासतं. असा कागद मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणावर बंधनकारक नाही. इथे फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढंच बघितलं जातं. मागे बसलेला मित्र हा जिवंत प्रत्यक्षदर्शी आहे. त्याचा जबाब पोलिसांनी घेतलाच नसेल तर आजच त्याच्या सहीचं निवेदन पोलीस अधीक्षकांकडे रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. चार महिन्यांनी का होईना, पण दाव्याच्या आधी त्याने हे सांगितलेलं असणं महत्त्वाचं. पहिल्यांदा साक्षीच्या पिंजऱ्यातच बोलला, तर ‘पढवलेला साक्षीदार’ म्हणून कंपनीचे वकील त्याला सोलून काढतील.

आता ट्रॉलीकडे येऊ, कारण खरी लढाई तिथे आहे. गळीत हंगाम सुरू झाला की सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूरच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागच्या ट्रॉलीतला ऊस दोन्ही बाजूंनी आणि मागे फूट-दोन फूट बाहेर आलेला असतो, त्यात दिवा असलाच तर झाकला जातो. टायर फुटला, पाटा तुटला की ट्रॉली आहे तिथेच सोडून चालक मेकॅनिक शोधायला जातो. मागे दोन दगड आणि झाडाची फांदी ठेवतो, कधी तीही नाही. दर हंगामात माणसं अशी मरतात आणि त्यांच्याच नावावर गुन्हे दाखल होतात, याचा मला खरोखर संताप येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सार्वजनिक जागी वाहन धोकादायक स्थितीत सोडून जायला मनाई करतं. रिफ्लेक्टरची सक्ती नियमांतच आहे. लायसन आणि हेल्मेटच्या नियमांपेक्षा हे नियम वेगळे पडतात, कारण ते मोडल्याचा धडकेशी थेट संबंध आहे.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं होतं. रस्त्याच्या मधोमध उभा केलेला गॅसचा टँकर, मागे दिवे नाहीत, त्यावर रात्री कार आदळली. उच्च न्यायालयाने कारचालकाची चूक निम्मी धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती पूर्ण काढून टाकली. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशझोताने डोळे दिपलेल्या माणसाला बिनदिव्याचा टँकर दिसायला हवा होता, हे म्हणणं टिकलं नाही. तुमच्या प्रकरणात मित्राला हे नेमकं विचारा: धडकेच्या क्षणी समोरून गाडी येत होती का? तिचा लाइट डिपरवर होता की अप्परवर?

पण त्याच वर्षीचा दुसरा निकालही सांगायला हवा, कारण कंपनीचे वकील तोच पुढे करतील. मारुती कार ट्रकच्या मागे जेमतेम १०-१५ फूट अंतर ठेवून चालली होती. ट्रकने ब्रेक मारला आणि कार आदळली. तिथे सुरक्षित अंतर न ठेवल्याचा दोष कारवरच गेला आणि दावा फेटाळला गेला. मागून धडकणाऱ्याची चूक, हा समज कोर्टातही खोल आहे. तुमच्या बाजूने फरक असा की ट्रॉली चालत नव्हती, उभी होती, आणि अंधारात होती. तरीही न्यायाधीश विचारतील की मोटारसायकलला हेडलाइट होता ना, मग वेग इतका का की थांबता आलं नाही? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर तयार ठेवा. माझा अंदाज विचाराल तर अशा प्रकरणांत १० ते २५ टक्के कपात होऊ शकते, हे धरून चालावं. ५० टक्के मात्र पुराव्यानेच येतील, आणि तो पुरावा आणायचा बोजा कंपनीवर आहे.

टक्के कसे वाटले जातात याचं एक ताजं उदाहरण बघा. कोइंबतूरचा विशीतला इंजिनीअरिंगचा विद्यार्थी २०१७ मध्ये मोटारसायकलवरून चालला होता. पुढच्या कारने महामार्गावर अचानक ब्रेक मारला. तो कारवर आदळून पडला, मागून आलेल्या बसचं चाक पायावरून गेलं, डावा पाय कापावा लागला. कारचालकाने सांगितलं की गरोदर बायकोला उलटीची भावना झाली म्हणून थांबलो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की महामार्गावर इशारा न देता मधेच थांबायला हे कारण पुरत नाही. वाटणी अशी झाली: कारचालक ५० टक्के, बसचालक ३०, आणि पुरेसं अंतर न ठेवल्याबद्दल स्वतः तो मुलगा २०. एकूण भरपाई १ कोटी १४ लाख २४ हजार ०६६ रुपये काढून त्यातून २० टक्के वजा केले आणि ९१ लाख ३९ हजारांहून थोडे जास्त दिले. त्याआधी उच्च न्यायालयाने मुलाचे ३० टक्के धरले होते. टक्क्यांना कुठलंही कोष्टक नसतं. पुरावा समोर किती आणि कसा आला, यावर ते हलतात.

म्हणून स्थळ पंचनाम्याची सही-शिक्क्याची प्रत काढा आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचा. पंचनाम्याची वेळ काय आहे? अपघात रात्री साडेआठचा आणि पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचा असेल, तर ट्रॉली तोपर्यंत बाजूला ओढलेली असू शकते आणि ‘ट्रॉली साइडपट्टीवर उभी’ या वाक्याची किंमत शून्य. डांबरी रस्त्याची रुंदी किती लिहिली आहे? ट्रॉलीचं उजवं चाक कडेपासून किती फुटांवर? काचांचे तुकडे, रक्त, सांडलेला ऊस नेमका कुठे पडला होता? धडकेची जागा त्यावरून कळते, चालकाच्या तोंडी सांगण्यावरून नाही. ब्रेकच्या खुणा किती फूट आहेत? पथदिव्याचा उल्लेख आहे का? आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवालही घ्या. त्यात ट्रॉलीच्या मागच्या दिव्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते सगळ्यात महत्त्वाचं. त्या रात्री गावातल्या पोरांनी मोबाइलवर काढलेले फोटो, जवळच्या पेट्रोल पंपाचा सीसीटीव्ही, हेही शोधा. मूळ फोन आणि मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोवर वेळेची नोंद राहत नाही.

मयताची चूक सिद्ध करणं कंपनीचं काम आहे, हे वर म्हटलं. प्रत्यक्षात कंपनी काय करते? कैफियतीत, म्हणजे आपल्या लेखी उत्तरात, ‘मयत हा भरधाव वेगाने’ अशी ठराविक वाक्यं घालते आणि पुरावा म्हणून फिर्यादीची प्रत जोडून थांबते. ट्रॅक्टरचालकाला पिंजऱ्यात आणत नाही, कारण आणला तर दिव्याबद्दल उलटतपासणी होईल. त्याला तपासलंच नाही, तर न्यायाधिकरण त्याच्या विरोधात निष्कर्ष काढू शकतं. तुमच्या वकिलांनी हा मुद्दा युक्तिवादात ठासून मांडायला हवा. आज तडजोडीला गोड बोलणारी कंपनी उद्या ‘ट्रॉलीचा वेगळा विमा नव्हता’, ‘शेतीच्या पॉलिसीवर भाड्याची वाहतूक चालली होती’ असंही म्हणेल. तेव्हा ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींची नोंदणी आणि पॉलिसी काढून ठेवा आणि मालकाला प्रतिवादी करायला विसरू नका. पॉलिसीच्या अटी मोडल्या असल्या तरी ‘आधी दावेदाराला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं.

मित्राचा दावा पूर्ण वेगळा आहे आणि तो त्याने वेगळाच दाखल करावा. गाडी तो चालवत नव्हता. त्याच्या बाबतीत दाजींची चूक आणि ट्रॅक्टरवाल्याची चूक अशा दोन परक्या माणसांच्या चुका एकत्र येतात, आणि २०१५ च्या खेन्येई निकालाप्रमाणे तो त्यातल्या कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. दाजींचे २० टक्के ठरले तरी मित्राच्या रकमेतून एक रुपया कापता येत नाही. कंपन्या हे अगदी सर्रास करतात, त्याला बजावून ठेवा. कारमधल्या प्रवाशांनाही हाच नियम. नवरा गाडी चालवत असताना शेजारी बसलेली बायको गेली, तर मुलांच्या वाट्यातून नवऱ्याची चूक वजा होत नाही. मित्राच्या इस्पितळाचा खर्च मेडिक्लेममधून भागला असेल, तरी ती रक्कम वजा करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये ठरवलं आहे.

आता दुसरी कात्री. सव्वाअकरा लाख आले कुठून? मी उलटा हिशेब मांडला. महिना १५,००० उत्पन्न धरलं. चार अवलंबितांमुळे एक चतुर्थांश वैयक्तिक खर्च वजा, राहिले ११,२५०. वर्षाचे १ लाख ३५ हजार. वय ३८ म्हणून सरला वर्मा निकालातला गुणक १५, म्हणजे वर्षाची रक्कम १५ पट करायची. झाले २० लाख २५ हजार. त्यात सहचर्य (जवळच्या माणसाचा सहवास गमावल्याची भरपाई) वगैरे ठराविक रकमा सुमारे २ लाख ३० हजार आणि मग बेरजेच्या निम्मे. जवळपास सव्वाअकरा. यात भावी उत्पन्नवाढ धरलेलीच नाही. २०१७ च्या प्रणय सेठी निकालात घटनापीठाने ठरवून दिलं आहे की स्वतःचा व्यवसाय असलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात ४० टक्के वाढ धरायची.

तुम्ही लिहिता की दाजी महिन्याला वीसेक हजार मिळवत. ते सिद्ध झालं असं धरा. २०,००० अधिक ४० टक्के म्हणजे २८,०००. एक चतुर्थांश वजा जाता २१,०००. वर्षाचे २ लाख ५२ हजार, गुणिले १५, म्हणजे ३७ लाख ८० हजार. बायको, दोन मुलं आणि आई, प्रत्येकी ४८,४०० सहचर्य, शिवाय अंत्यसंस्कार आणि मालमत्ता-हानीचे प्रत्येकी १८,१५०. बेरीज ४० लाख ९ हजार ९००. यातून २० टक्के गेले तरी ३२ लाखांच्या वर राहतात, त्यावर अर्ज केल्यापासून साधारण ६ ते ९ टक्के व्याज. अगदी ५० टक्के गेले असं समजा, तरी २० लाख होतात. म्हणजे चुकीबद्दलचं कंपनीचं सगळं म्हणणं मान्य केलं तरी सव्वाअकरा हा आकडा बसत नाही. एलआयसीचे पैसे मिळाले असतील तर तेही यातून वजा होत नाहीत, हे १९९८ पासून पक्कं आहे.

वीस हजार सिद्ध कसे करायचे? वायरमनचा परवाना, बँकेचा आणि फोनपे-गुगल पेचा वर्षभराचा उतारा, इलेक्ट्रिकल दुकानाच्या उधारीच्या वहीतल्या नोंदी, दोन-तीन ठेकेदारांची बिलं. ठेकेदाराचं नुसतं पत्र चालत नाही, त्याने साक्षीला यायला हवं. बहिणीच्या साक्षीत उत्पन्नाचा आकडा फुगवून सांगू नका. कागद वीस दाखवत असताना तोंडी चाळीस सांगितले, तर न्यायाधीश दोन्हींवरचा विश्वास सोडतात आणि किमान वेतनावर येतात.

वेळेचं सांगतो, कारण ते आजच करायचं आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम १६६ खालचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. तुमचे चार महिने गेलेत. पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवला असेल तर तोच अर्ज म्हणून धरता येतो, तरी स्वतःचा अर्ज द्याच. बहीण राहते त्या भागातल्या न्यायाधिकरणातही तो देता येतो, त्यामुळे लांब जायची गरज नाही. आणि एक सापळा ओळखून ठेवा. कलम १६४ खाली चूक कोणाची हे न बघता मृत्यूसाठी ५ लाख मिळतात. कंपनी ते चटकन देऊ करते. ते स्वीकारले की कलम १६६ चा दावा संपतो. घरात आज पैशाची किती ओढ आहे याची मला कल्पना आहे, पण मुलांच्या शिक्षणाची रक्कम त्या पाच लाखांपायी जाऊ देऊ नका.

तडजोडीला माझा विरोध नाही. दावा दाखल होऊ द्या, मित्राची आणि बहिणीची साक्ष नोंदली जाऊ द्या, मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल रेकॉर्डवर येऊ द्या. मग राष्ट्रीय लोकअदालतीत बसा. त्या वेळी कंपनीचे अधिकारी ५० टक्क्यांवरून बोलणं सुरू करणार नाहीत. भावी उत्पन्नवाढ धरून आणि २० टक्क्यांच्या आसपास कपात मान्य करून एकरकमी धनादेश मिळत असेल, तर अपिलात आणखी काही वर्षं घालवण्यापेक्षा तो घ्यावा, असं मी बहिणीला सांगेन. मुलांच्या वाट्याची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत राहील. तिचं व्याज दर महिन्याला बहिणीच्या खात्यात जमा व्हावं, हे तडजोडीच्या पुरशिशीत (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात) स्पष्ट लिहून घ्या.